सोळा पायऱ्यांचे यंत्र आणि सात मात्रांचा ताल

अल्प किमतीच्या सॅम्पलर यंत्रांवर ताल रचताना पायऱ्यांची संख्या, स्मृती आणि एकाच वेळी वाजणारे आवाज या तिन्ही बाबतींत मर्यादा जाणवतात. या मर्यादा कोठून आल्या आणि त्यांतून वाट कशी काढता येते, याचा हा आढावा.

स्वीडनमधील टीनेज इंजिनिअरिंग या कंपनीने २०१८ साली पीओ-३३ नावाचे एक यंत्र बाजारात आणले. आकार खिशातील गणकयंत्राएवढा, वीज दोन छोट्या सेलवर आणि आरंभीची किंमत ८९ अमेरिकी डॉलर. त्यापूर्वी २०१४ मध्ये जपानच्या कॉर्ग कंपनीने व्होल्का सॅम्पल हे काहीसे मोठे, पण याच पठडीतले यंत्र आणले होते. कोणताही ध्वनी टिपून किंवा भरून घ्यावा, त्याचे तुकडे करावेत आणि ते तुकडे ठरलेल्या क्रमाने पुनःपुन्हा वाजवावेत, हे या दोन्ही यंत्रांचे काम. ध्वनी साठविणाऱ्या भागाला सॅम्पलर म्हणतात आणि त्यांचा क्रम सांभाळणाऱ्या भागाला सिक्वेन्सर.

अशी यंत्रे नवशिक्यांना परवडतात. पहिल्या काही दिवसांत त्यांवर ताल सहज जमतो, नंतर मात्र प्रत्येक रचना सोळा पायऱ्यांच्या त्याच चौकटीत फिरू लागते. पुष्कळांचा उत्साह येथेच ओसरतो आणि अधिक महागडे यंत्र घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, अशी समजूत होते. भारतीय संगीताचे संस्कार असलेल्या वादकाची अडचण तर आणखी वेगळी आहे. त्याला रूपकाच्या सात किंवा झपतालाच्या दहा मात्रा हव्या असतात आणि समोर असतात सोळा बटणे. यंत्राची घडण समजून घेतली आणि थोडे अंकगणित केले, तर यांतील बहुतेक अडचणी त्याच यंत्रावर सुटू शकतात.

मर्यादा नेमक्या कोणत्या?

पीओ-३३ मध्ये एका पॅटर्नला, म्हणजे एका आवर्तनाला, सोळा पायऱ्या असतात. असे सोळा पॅटर्न साठविता येतात. ध्वनीसाठी एकूण ४० सेकंदांची स्मृती आहे आणि एका क्षणी चारच आवाज एकत्र उमटू शकतात. पहिल्या व्होल्का सॅम्पलमध्ये दहा भाग, प्रत्येकी सोळा पायऱ्या, एकूण ६५ सेकंदांची स्मृती आणि एका वेळी आठ आवाज, अशी व्यवस्था होती. या यंत्रास स्वतःचा मायक्रोफोन नाही. त्यात ध्वनी भरावयाचे ते फोन अथवा संगणकामार्फत.

सोळा ही संख्या पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातून आली. त्या संगीतात बहुधा चार ठोक्यांचे एक आवर्तन असते आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले की सोळा पायऱ्या होतात. जपानच्या रोलँड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या तालयंत्राने सोळा बटणांची एकसलग रांग प्रचारात आणली आणि पुढील असंख्य यंत्रांनी तीच मांडणी स्वीकारली. आपल्या त्रितालाच्या मात्राही सोळाच असल्याने तो या रांगेत चपखल बसतो, आठ मात्रांचा केरवाही बसतो. इतर तालांना मात्र जागा शोधावी लागते.

या संदर्भात मुंबईचे एक उदाहरण उल्लेखनीय आहे. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीआर-८०८ आणि त्याच कंपनीचे टीबी-३०३ वापरून दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. ती त्या काळी दुर्लक्षित राहिली, पण २०१० मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगभर तिची चर्चा झाली. तिच्यात रागांना यंत्रात स्थान मिळाले, ताल मात्र डिस्कोचा, चार ठोक्यांचाच राहिला.

जुन्या यंत्रांनी घालून दिलेला धडा

मर्यादेतून वाट काढण्याची रीत नवी नाही. अमेरिकेतील ई-म्यू कंपनीच्या १९८७ सालच्या एसपी-१२०० या यंत्रात एकूण दहा सेकंदांचाच ध्वनी मावत असे आणि एका तुकड्याची लांबी अडीच सेकंदांहून अधिक ठेवता येत नसे. न्यूयॉर्कच्या हिपहॉप निर्मात्यांनी यावर एक साधा उपाय काढला. मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या गतीची तबकडी ते ४५ च्या गतीवर वाजवीत, तो जलद ध्वनी यंत्रात घेत आणि वाजविताना त्याची गती पुन्हा कमी करीत. या युक्तीने दहा सेकंदांच्या जागेत सुमारे साडेतेरा सेकंदांचे संगीत मावू लागले. त्याची किंमत ध्वनीच्या स्वच्छतेत मोजावी लागे. उंच स्वरांतील तपशील हरपून आवाजाला एक खरखरीतपणा येई. पुढे तोच खरखरीतपणा त्या संगीताची ओळख ठरला.

या युक्तीमागील तत्त्व आजही उपयोगी आहे. पायऱ्या, स्मृती आणि आवाजांची संख्या या तीन गोष्टी काही प्रमाणात एकमेकींच्या बदल्यात मिळविता येतात. पायऱ्या कमी पडत असतील तर स्मृती खर्च करावी, स्मृती कमी पडत असेल तर स्वच्छता सोडावी आणि आवाज कमी पडत असतील तर दोन आवाज आधीच एकत्र करून ठेवावेत. पुढील उपाय याच तत्त्वाची निरनिराळी रूपे आहेत.

पॅटर्नची साखळी

लांबी वाढविण्याचा पहिला मार्ग म्हणजे पॅटर्न एकापुढे एक जोडणे. पीओ-३३ मध्ये अशी १२८ पॅटर्नपर्यंतची साखळी करता येते आणि तीत एकच पॅटर्न कितीही वेळा येऊ शकतो. मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत एक पॅटर्न सुमारे २.६७ सेकंद चालतो. म्हणजे पूर्ण साखळी पाच मिनिटे चाळीस सेकंदांच्या आसपास जाते. एका गीतासाठी हा अवधी पुरेसा आहे.

खरी मर्यादा वेगवेगळ्या पॅटर्नच्या संख्येची आहे. ती जपून वापरण्यासाठी मूळ पॅटर्न तीनदा आणि त्याची किंचित बदललेली प्रत एकदा, अशी रचना सोयीची ठरते. चौथ्या फेरीत शेवटच्या दोन-तीन पायऱ्या बदलल्या, तरी ऐकणाऱ्यास ते चौसष्ट पायऱ्यांचे एक सलग वाक्य वाटते. तबलावादक ठेक्याच्या अनेक आवर्तनांनंतर एखादा छोटा तुकडा घेऊन समेवर येतो, त्याचाच हा यांत्रिक अवतार आहे. व्होल्का सॅम्पलमध्येही सोळा पॅटर्नपर्यंतची एक मालिका, अशा सहा मालिका साठविण्याची सोय आहे.

सात आणि दहा मात्रा कशा बसवाव्यात?

व्होल्का सॅम्पलमध्ये नको असलेल्या पायऱ्या वगळता येतात. वगळलेली पायरी शांत राहत नाही, तर यंत्र ती ओलांडून थेट पुढे जाते. त्यामुळे शेवटच्या दोन पायऱ्या वगळल्या की चौदा पायऱ्यांचे आवर्तन मिळते आणि प्रत्येक मात्रेला दोन पायऱ्या दिल्यास सात मात्रांचा रूपक तयार होतो. चार पायऱ्या वगळून बारा ठेवल्या, तर सहा मात्रांचा दादरा बसतो.

लयीचा आकडा मात्र नव्याने मोजावा लागतो. यंत्र चार पायऱ्यांचा एक ठोका गृहीत धरते. आपण मात्रेला दोनच पायऱ्या देत असल्यास यंत्रावर इच्छित लयीच्या निम्मा आकडा लावावा. मिनिटाला १४० मात्रा हव्या असतील तर ७०. लय फार संथ असेल तर हा आकडा यंत्राच्या किमान मर्यादेखाली जातो. अशा वेळी एका मात्रेस चार पायऱ्या देऊन आवर्तन दोन पॅटर्नमध्ये विभागावे. पाश्चात्त्य पद्धतीने ठोक्याचे तीन भाग हवे असतील तर बारा पायऱ्या ठेवून इच्छित लयीच्या तीन-चतुर्थांश आकडा लावावा, म्हणजे १२० साठी ९०.

पीओ-३३ मध्ये पॅटर्न सोळा पायऱ्यांचाच राहतो. तेथे लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे शाळेतील लसावि, मदतीस येतो. चौदा आणि सोळा यांचा लसावि ११२. म्हणजे सोळा पायऱ्यांचे सात पॅटर्न सलग जोडले की त्यांत चौदा पायऱ्यांच्या रूपकाची बरोबर आठ आवर्तने पूर्ण होतात आणि साखळी पुन्हा आरंभाशी जुळते.

प्रत्यक्षात सम कोठे येते हे आधी कागदावर मांडून घ्यावे. पहिल्या पॅटर्नमध्ये ती पहिल्या आणि पंधराव्या पायरीवर येते. दुसऱ्यात तेराव्या, तिसऱ्यात अकराव्या, चौथ्यात नवव्या, पाचव्यात सातव्या, सहाव्यात पाचव्या आणि सातव्यात तिसऱ्या पायरीवर. प्रत्येक पॅटर्नमध्ये सम दोन पायऱ्यांनी मागे सरकते, हे एकदा ध्यानात आले की उरलेले बोल भरणे कठीण नाही. रूपकाची सम खालीवर असल्याने तेथे तबल्याचा उघडा, घुमारा नसलेला आघात ठेवावा, आणि घुमाऱ्याचे आघात चौथ्या व सहाव्या मात्रेवर ठेवावेत. ढोलाच्या पाश्चात्त्य सवयीने समेवरच जड ठोका दिल्यास मात्रा सात भरतील, पण रूपक ऐकू येणार नाही.

झपतालाच्या दहा मात्रांना प्रत्येकी दोन याप्रमाणे वीस पायऱ्या लागतात. वीस आणि सोळा यांचा लसावि ८०, म्हणून पाच पॅटर्नमध्ये चार आवर्तने होतात. सम पहिल्या पॅटर्नच्या पहिल्या, दुसऱ्याच्या पाचव्या, तिसऱ्याच्या नवव्या आणि चौथ्याच्या तेराव्या पायरीवर पडते. पाचव्या पॅटर्नमध्ये ती येतच नाही. बारा मात्रांच्या एकतालाला मात्रेमागे एक पायरी दिली तर तीन पॅटर्नमध्ये चार आवर्तने बसतात.

याची किंमतही पाहून ठेवावी. रूपकासाठी सोळांपैकी सात पॅटर्न खर्ची पडतात, म्हणून यंत्रात रूपकाचे दोनच पूर्ण प्रकार मावतात. झपतालाचे तीन मावतात. इलेक्ट्रॉनिक तबल्यात हे सर्व ठेके तयार मिळतात, हे खरे. पण तेथे ध्वनी त्या यंत्राचाच असतो. सॅम्पलरवर स्वतः टिपलेल्या घागरीचा, दाराच्या कडीचा किंवा पावसाच्या थेंबाचा ठेका करता येतो, आणि एवढ्या खटाटोपाचे कारण तेच आहे.

पायऱ्यांऐवजी स्मृती

पायऱ्या अपुऱ्या पडत असतील तर संपूर्ण आवर्तनच एक ध्वनी म्हणून टिपून घ्यावे आणि पहिल्या पायरीवर ठेवावे. मग एका पायरीत पूर्ण ठेका वाजतो आणि उरलेल्या पंधरा पायऱ्या इतर आघातांसाठी मोकळ्या राहतात. सिक्वेन्सरला न झेपणारी बारीक हरकत अशा ध्वनीत सहज येते, कारण ती माणसाने वाजविलेली असते. मात्र ९० च्या लयीत चार ठोक्यांच्या एका आवर्तनाला २.६७ सेकंद लागतात. चाळीस सेकंदांत अशी पंधराच आवर्तने मावतील.

येथे जुनी तबकडीची युक्ती पुन्हा कामी येते. मूळ ध्वनी संगणकावर दुप्पट गतीने वाजवून टिपावा आणि यंत्रात त्याचा स्वर एक सप्तक खाली आणावा. जागा निम्मी लागते. ढोल व मंद्र स्वरांना हे मानवते. झांज, घुंगरू आणि चिपळ्या यांची चमक मात्र त्यात जाते, म्हणून त्या मूळ गतीनेच घ्याव्यात.

पीओ-३३ मध्ये तालवाद्यांसाठी राखलेल्या आठ जागांत घेतलेला ध्वनी आपोआप सोळा तुकड्यांत विभागला जातो. एकच लांब ध्वनिमुद्रण घ्यावे आणि त्याचे तुकडे वेगळ्या क्रमाने मांडावेत, हा मार्ग स्मृतीच्या दृष्टीने सर्वांत काटकसरीचा ठरतो. एका ठेक्यातून दहा ठेके निघतात आणि नवा सेकंद खर्च होत नाही.

आवाजांची टंचाई

चार आवाजांच्या यंत्रात पाचवा आघात आला की आधी वाजत असलेला एखादा आवाज तुटतो. लांब गुंजणारी घंटा किंवा तानपुऱ्याचा स्वर अशा वेळी अचानक बंद पडतो आणि यंत्र बिघडल्यासारखे वाटते. जे दोन आघात नेहमी एकत्र येतात, उदाहरणार्थ ढोल आणि झांज, ते आधीच एका ध्वनीत मिसळून ठेवावेत. त्यांना एकच आवाज पुरतो. लांब ध्वनींची शेपटी छाटून ठेवावी, म्हणजे आवाज लवकर मोकळा होतो.

याचाच पुढचा टप्पा म्हणजे तयार झालेला पूर्ण पॅटर्न यंत्राबाहेर, फोनवर किंवा ध्वनिमुद्रकावर घेणे आणि तो पुन्हा एक ध्वनी म्हणून यंत्रात भरणे. चार आवाजांची रचना मग एका आवाजात सामावते आणि तीन आवाज मोकळे होतात. प्रत्येक फेरीत थोडी घरघर वाढते आणि एकदा मिसळलेले वेगळे करता येत नाही. म्हणून मूळ ध्वनी पुसण्यापूर्वी यंत्रातील माहितीची प्रत काढून ठेवावी. पीओ-३३ ही माहिती ध्वनीच्या रूपातच बाहेर पाठविते आणि ती ध्वनिमुद्रित करून जपता येते.

पायरीच्या आधी आणि नंतर

माणसाचा हात काटेकोर पायरीवर पडत नाही आणि लयीतील गोडवा पुष्कळदा त्या सूक्ष्म फरकात असतो. अमेरिकेतील संशोधक रॉजर लिन यांनी आपल्या तालयंत्रांत आणि पुढे १९८८ सालच्या अकाई एमपीसी-६० मध्ये या प्रश्नाला उत्तर दिले. एमपीसी-६० मध्ये एका ठोक्याचे ९६ सूक्ष्म भाग होत, तसेच एकाआड एक पायरी किंचित उशिरा वाजविण्याची, म्हणजे स्विंगची, सोय होती. डेट्रॉइटचे संगीतकार जे डिला यांनी याच मालिकेतील एमपीसी-३००० वर, अनेकदा यंत्राची दुरुस्ती न स्वीकारता, हलत्या लयीची एक शैलीच निर्माण केली. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे ते यंत्र आता वॉशिंग्टन येथील आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेले आहे.

व्होल्का सॅम्पलसारख्या यंत्रात आघात पायरीवरच बसतो. तेथे हा परिणाम ध्वनीतच घडवून घ्यावा लागतो. ध्वनीच्या आरंभी थोडी शांतता सोडली की तो तेवढा उशिरा वाजतो. ९० च्या लयीत एक पायरी १६७ मिलिसेकंदांची असते. टाळीच्या ध्वनीआधी २० मिलिसेकंदांची शांतता जोडली तर ती सुमारे पायरीच्या एक-अष्टमांशाने मागे रेंगाळते. आघात आधी हवा असेल तर तो एक पायरी अगोदर ठेवावा आणि आरंभी १४७ मिलिसेकंदांची शांतता जोडावी. तो मूळ जागेपेक्षा २० मिलिसेकंद लवकर पडेल. या यंत्रात ध्वनी बाहेरूनच भरावयाचे असल्याने ही तयारी फोनवर किंवा संगणकावर करणे सोपे जाते. लय बदलल्यास मात्र हा हिशेब पुन्हा करावा लागतो.

जेथे उपाय संपतात

काही गोष्टी या यंत्रांवर साधत नाहीत. व्होल्का सॅम्पलमध्ये वगळलेल्या पायऱ्या सर्व भागांना सारख्याच लागू होतात. एका भागाला चौदा आणि दुसऱ्याला सोळा पायऱ्या देऊन दोन लयी एकमेकींवर सरकविता येत नाहीत. त्यासाठी दुसरे यंत्र जोडावे लागते. कॉर्गची व्होल्का मालिका आणि टीनेज इंजिनिअरिंगची छोटी यंत्रे साध्या ध्वनितारेने एकमेकांशी लयीत बांधता येतात. दर दोन पायऱ्यांमागे एक विद्युत ठोका एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जातो. एकावर चौदा आणि दुसऱ्यावर सोळा पायऱ्या ठेवल्या तर ११२ पायऱ्यांनंतर दोघांची सम एकत्र येते.

गाण्याची दीर्घ, सतत बदलणारी रचनाही साखळीत फार काळ सांभाळता येत नाही. टीनेज इंजिनिअरिंगने २०२३ मध्ये आणलेल्या ईपी-१३३ या यंत्रात ९९ आवर्तनांपर्यंतचा पॅटर्न करता येतो, पण आरंभी त्याची किंमत पीओ-३३ च्या तिपटीहून अधिक होती. ज्याचे काम खरोखरच त्या लांबीचे आहे, त्याने तो खर्च जरूर करावा.

इतरांनी आधी आपली अडचण कोणती ते ओळखावे. रचना एकसुरी वाटत असेल तर चौथी फेरी बदलावी, आवाज तुटत असतील तर दोन ध्वनी एकत्र करावेत, लय कोरडी वाटत असेल तर टाळी थोडी मागे न्यावी आणि मात्रा जुळत नसतील तर कागद घेऊन लसावि काढावा. यांपैकी कोणत्याही उपायाला एक रुपयाही लागत नाही. शिवाय सम कोठे पडते हे स्वतः मोजून बसविलेला ताल पुढे कोणत्याही यंत्रावर, अथवा यंत्राविना हातावरही, वाजविता येतो.